तालुक्याच्या गावात कन्व्हेन्शन सेंटर: आधी बारा महिन्यांचा हिशोब, मग पाया

कोकणात सार्वजनिक सभागृहाची चर्चा बहुतेक वेळा जागेपासून सुरू होते. कुणाचा तरी सडा (कातळाचं माळरान) मोकळा पडलेला असतो, कुणी अर्धा एकर द्यायला तयार असतो, आमदार ‘निधी बघतो’ म्हणालेले असतात, आणि आठवड्याभरात इमारतीचं रंगीत चित्र सगळ्यांच्या मोबाइलवर फिरू लागतं. मी इथे नेमका उलटा क्रम सांगणार आहे. आधी वर्षभराचं कॅलेंडर, मग चालवण्याचा खर्च, मग मालकी कुणाची ते, त्यानंतर जागा आणि पैसा, आणि इमारत सगळ्यांत शेवटी. इमारत बांधायला पैसे देणारे भेटतात. जुलै महिन्याचं वीजबिल आणि राखणदाराचा पगार द्यायला मात्र कुणी पुढे येत नाही, आणि केंद्र जगतं की बंद पडतं ते त्यावरच ठरतं.

डोळ्यांसमोर आहे ते कुडाळ, कणकवली, देवगड, राजापूर, दापोली अशा गावांतलं, साधारण ५०० माणसं बसतील एवढं केंद्र. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०२२ मध्ये जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर उघडलं, आणि खाली गोवा आहेच. त्यांच्याकडे जाणारी गिऱ्हाइकं आपली नव्हेत. आपली गिऱ्हाइकं आज शाळेच्या मैदानात मांडव घालतात, देवळाच्या सभामंडपात सभा घेतात किंवा कोल्हापूर नाही तर पणजी गाठतात.

बारा महिने कागदावर मांडा

मोठा कागद घ्या, त्यावर बारा महिने आखा आणि कोणत्या महिन्यात कोण येईल ते लिहीत जा.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, पौषात थोडी मंदावते, आणि एप्रिल-मे मध्ये चाकरमानी गावी आले की एका तारखेला तीन-तीन मागण्या येतात. जूनपासून मात्र पान कोरं पडायला लागतं. पाऊस, भातलावणी, मग श्रावण, मग गौरी-गणपती. गणपतीत माणूस आपल्या घरात असतो, हॉलमध्ये नाही. पाठोपाठ पितृपक्ष. काढीव मुहूर्ताची दोन-चार लग्नं सोडली तर हे चार महिने लग्नांसाठी रिकामेच धरावेत. वर्षाचा एक तृतीयांश भाग असा जातो आणि पगार बारा महिन्यांचे द्यावे लागतात.

म्हणून खरा अभ्यास या चार महिन्यांचा करायचा. इथे काही गोष्टी कोकणाच्या बाजूच्या आहेत. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तालुक्यातल्या पतसंस्था, विकास सोसायट्या, मच्छीमार सोसायट्या, दूध संस्था यांची नुसती यादी केलीत तरी ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या कितीतरी तारखा दिसू लागतील. यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, खलाशी घरी. इंजिनदुरुस्ती, सुरक्षितता, विमा, शीतसाखळी अशा विषयांची प्रशिक्षणं घ्यायला मत्स्यव्यवसाय विभागाला याहून चांगले दिवस नाहीत. आंबा-काजूचे बागायतदार एप्रिल-मे मध्ये भेटणार नाहीत, पण मोहोर धरण्याआधी, पावसाच्या शेवटी, त्यांचे मेळावे होऊ शकतात. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र ही त्यांच्या ओळखीची दारं आहेत. दशावतारी कंपन्या कार्तिकापासून जत्रांच्या मागे असतात, पावसात घरी असतात. छपराखाली दशावतार महोत्सव, डबलबारी भजनं, रत्नागिरीकडे नमन आणि जाखडी असे कार्यक्रम पावसाळ्यात भरवले तर प्रेक्षक छत्री घेऊन येतो, हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको.

मागणी मोजताना ‘केंद्र झालं तर वापराल का’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. गेल्या वर्षीचं विचारा: सभा कोणत्या तारखेला घेतलीत, कुठे, किती माणसं आली, भाडं किती दिलंत, काय अडलं. बँका, डॉक्टरांच्या संघटना, वकील संघ, महाविद्यालयं, पंचायत समिती, उमेदचे (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे) बचत गट, नाट्यमंडळं, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, लग्नाचे केटरर या सगळ्यांकडून हीच माहिती गोळा करा. ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्याकडून ‘वर्षाला इतके दिवस, इतक्या भाड्यानं’ असं लेखी पत्र घ्या. बँकेपुढे किंवा जिल्हा नियोजन समितीपुढे रंगीत चित्रापेक्षा अशा तीस पत्रांचं वजन जास्त पडतं.

त्याच फेरीत आजूबाजूची सभागृहं पाहून या. रत्नागिरीचं स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह, मालवणचं मामा वरेरकर नाट्यगृह, चिपळूणचं इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र. व्यवस्थापकाशी बोला, पण इलेक्ट्रिशियन आणि सफाई कामगारांशीही बोला. छप्पर कुठे गळतं, कुठली खोली कुणीच मागत नाही, कशाच्या दुरुस्तीवर दरवर्षी पैसा जातो, हे त्यांना तोंडपाठ असतं.

आणखी दोन मोजण्या करायच्या. पहिली, तालुक्यातल्या खासगी मंगल कार्यालयांची. सार्वजनिक पैशातून उभं राहिलेलं केंद्र फक्त लग्नांवरच जगणार असेल तर ते आपल्याच गावातल्या एखाद्या कुटुंबाचा धंदा मोडतं. माझ्या मते लग्नांचा वाटा उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत ठेवण्याचं बंधन सुरुवातीलाच लिहून घ्यावं. दुसरी मोजणी राहण्याच्या खोल्यांची. ३०० प्रतिनिधींची दोन दिवसांची परिषद म्हणजे दोघांत एक धरली तरी १५० खोल्या. १५ किलोमीटरच्या आत हॉटेलं, एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) निवासं आणि नोंदणी झालेली निवास-न्याहारीची घरं मिळून तेवढ्या होत नसतील तर मुक्कामी मोठ्या परिषदांचं उत्पन्न हिशोबात धरूच नका. एका दिवसाच्या सभा धरा.

वर्षाचा जमाखर्च

आता वही उघडायची. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गावचे भाव घालून ते बदला, पण रकाने हेच ठेवा.

खर्चाच्या बाजूला नऊ माणसांचे पगार: व्यवस्थापक, इलेक्ट्रिशियन, चार सफाईला, तीन पहाऱ्याला, मिळून वर्षाला १८ लाख. वीज ८ लाख. दुरुस्ती-देखभाल बांधकामाच्या किमतीच्या दीड टक्का धरली तर १० कोटींच्या इमारतीला १५ लाख. विमा आणि घरपट्टी ४ लाख. पाणी, डिझेल, सफाईचं सामान ५ लाख. कार्यालय, हिशोबतपासणी, प्रसिद्धी ३ लाख. एकूण ५३ लाख.

जमेच्या बाजूला लग्नं आणि घरगुती समारंभ ४० दिवस, दर ६० हजार, म्हणजे २४ लाख. लहान दालनांतली प्रशिक्षणं ९० दिवस, ८ हजारांनी ७.२ लाख. मोठ्या सभागृहातल्या परिषदा आणि वार्षिक सभा २० दिवस, ३५ हजारांनी ७ लाख. नाटकं आणि कार्यक्रम २४, १२ हजारांनी २.८८ लाख. प्रदर्शनं १५ दिवस, ३० हजारांनी ४.५ लाख. स्वयंपाकघर आणि उपाहारगृहाचा ठेका ५ लाख. एकूण ५०.५८ लाख.

म्हणजे केंद्र बऱ्यापैकी चाललं तरी अडीच लाखांच्या आसपास तूट. आणि यात कर्जाचा एक पैसाही धरलेला नाही. १ कोटीचं कर्ज १० टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतलंत तर वर्षाचा हप्ता १५.८६ लाखांच्या घरात जातो. या हिशोबातून एकच गोष्ट निघते, आणि ती निधीच्या पहिल्या बैठकीतच सगळ्यांना सांगावी: तालुक्याचं सभाकेंद्र बांधकामाचं कर्ज फेडू शकत नाही. इमारत अनुदानातून आणि देणग्यांतूनच उभी राहायला हवी. कर्ज काढायचंच तर ज्या वस्तूमुळे खर्च वाचतो तिच्यापुरतं काढा, उदाहरणार्थ छपरावरची सौरऊर्जा.

दुसरं, बांधकामाबरोबरच देखभाल निधी उभा करा. १ कोटी बाजूला ठेवून ७ टक्क्यांनी ठेव केली तर वर्षाला ७ लाख येतात. वरची तूट भरून वर काही शिल्लक राहतं. हा निधी मूळ अंदाजपत्रकातच स्वतंत्र रकाना म्हणून लिहा आणि मुद्दलाला हात लावायचा नाही हे संस्थेच्या घटनेत घाला. ‘इमारत झाली की बघू’ म्हटलं की तो कधीच जमत नाही.

जीएसटीचा घोळ आधीच सोडवा. हॉलच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करावीच लागते, म्हणून दरपत्रक छापताना कर वेगळा दाखवा. बांधकामावर भरलेल्या जीएसटीचा परतावा मात्र स्वतःच्या इमारतीसाठी मिळत नाही, कायद्याच्या कलम १७(५) नं तो अडवलेला आहे. ८ कोटींच्या कामावर ही रक्कम दीड कोटीच्या आसपास होते. अंदाजपत्रकात ती न धरल्यामुळे काम शेवटच्या टप्प्यावर रखडतं.

मालक कोण

तीन वाटा आहेत. नगरपंचायत, नगरपरिषद किंवा जिल्हा परिषद मालक, ही पहिली. सरकारी निधी सरळ येतो, पण पावसाळ्यात पंप जळला तर दुरुस्तीला मंजुरीची फाइल फिरते. दुसरी वाट सार्वजनिक न्यासाची. कारभार चपळ राहतो, देणगीदारांना ८०जी चा (देणगीवरच्या आयकर सवलतीचा) लाभ मिळतो. मात्र महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे स्थावर मालमत्ता विकायला, मोठ्या मुदतीनं भाड्यानं द्यायला आणि कर्ज काढायलाही धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तिसरी, खासगी कंपनीबरोबर भागीदारी.

माझं मत पहिल्या दोन्हींच्या जोडणीकडे आहे: जमीन आणि इमारत स्थानिक स्वराज्य संस्थेची, चालवणं करारानं न्यासाकडे किंवा व्यावसायिक व्यवस्थापकाकडे. नगरपरिषदेची मालमत्ता दीर्घ मुदतीनं द्यायची तर वरच्या मंजुऱ्या लागतात, म्हणून ही बोलणी पाया खणण्याआधी पूर्ण करा. करारात चार गोष्टी नेमक्या लिहा. कोणती दुरुस्ती कुणी करायची, भाडं कोण ठरवणार, वर्षातले किती दिवस सरकारी कार्यक्रमांना आणि कोणत्या दरानं, आणि हिशोब दर तिमाहीला फलकावर लावायचा. फुकट वापराचा शब्द कुणालाही देऊ नका, पक्ष कुठलाही असो. एकदा फुकट दिलेला हॉल दुसऱ्यांदा पैसे घेऊन देता येत नाही.

आपल्याकडच्या वाड्यांचा मानापमान सांभाळायचा तर विश्वस्तांत प्रत्येक वाडीचा माणूस घालण्यापेक्षा एक हिशोब जाणणारा, एक अभियंता, एक नाटक-संगीतातला, एक हॉटेल किंवा केटरिंग चालवणारा, किमान दोन बायका आणि मुंबईच्या मंडळाचा एक प्रतिनिधी अशी रचना करा. गावकीला सल्लागार मंडळात जागा द्या आणि वर्षातून दोनदा सगळ्यांसमोर जमाखर्च वाचा.

जागा

कोकणात जमिनीचा प्रश्न क्षेत्रफळाचा कमी आणि सातबाऱ्याचा जास्त. एकेका उताऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यांतली अर्धी मुंबईत, काही वारलेली आणि वारस न लागलेली. ‘भाऊबंदांचं मी बघतो’ या शब्दावर एक रुपयाही खर्च करू नका. सातबारा, आठ-अ (खातेउतारा), जुने फेरफार, इतर हक्कांतली कुळाची नोंद, गावनकाशा आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी हे सगळं आधी. वकिलाकडून मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. खाजगी वन असा शेरा आहे का, भोगवटादार वर्ग-२ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आहे का, ते तलाठ्याकडे विचारा. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, गेळे, चौकुळ या बाजूला कबुलायतदार गावकर (गावकऱ्यांच्या सामाईक वहिवाटीच्या) जमिनींचा प्रश्न किती वर्षं चालला, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. गायरान स्वस्त दिसतं, पण जगपाल सिंग प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांबद्दल कडक निर्णय दिल्यापासून गायरान मिळवणं फार अवघड झालं आहे. त्या आशेवर नियोजन करू नका. शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, नाही तर कायद्यातली परवानगी काढावी लागते. हे न्यासांनी विशेष लक्षात ठेवावं.

समुद्र दिसणारी जागा सगळ्यांना हवी असते. पण किनारा नियमन क्षेत्र भरतीच्या उच्चतम रेषेपासून ५०० मीटरपर्यंत आत येतं, आणि विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर त्यातले पहिले २०० मीटर विकास-निषिद्ध असतात. खाडीकाठी २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं कमी असेल ते अंतर लागू होतं. या पट्ट्यात सार्वजनिक पैसा अडकवू नका. एक आक्षेप आला तरी वर्षं जातात. शिवाय समुद्राच्या जितकं जवळ तितका गंज आणि वादळ जास्त. लोकांना समुद्र दाखवायचा असेल तर परिषदेनंतर त्यांना तारकर्लीला किंवा आंजर्ल्याला घेऊन जा.

नदीकाठ पाहताना जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा मागून घ्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी किती चढलं, राजापुरात अर्जुना आणि कोदवली बाजारपेठेत कशा शिरतात, हे माहीत असताना पटांगण सपाट आहे एवढ्यावर जागा घेणं बरोबर नाही.

राहिला सडा. जांभ्याचा कातळ पायाला उत्तम, पूर नाही, जमीन स्वस्त. दोन गोष्टी तपासा. एक, पाणी, कारण कातळावर विहीर लागेलच असं नाही. दुसरी, कातळशिल्पं. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कशेळी, कुडोपी अशा ठिकाणची कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत, आणि न नोंदलेली अजून सापडत असतात. जेसीबी चढवण्याआधी पुरातत्त्वाच्या जाणकाराला पावसानंतरच्या स्वच्छ उन्हात सडा पायी फिरून पाहू द्या. कातळशिल्प सापडलं तर ती जागा सोडा. ते आपल्यापेक्षा फार आधीचं आहे.

मुंबई-गोवा महामार्गाजवळची जागा सोयीची, पण इमारतीला सोडायचं अंतर आणि महामार्गावरून आत येण्याची वेगळी परवानगी लागते. कोकण रेल्वेचं स्टेशन आणि एसटी स्थानक १०-१५ मिनिटांवर असावं. रात्रीच्या कार्यक्रमानंतर माणसं घरी कशी जाणार, याचा विचार वाहनतळाइतकाच करा. शेवटची एसटी गेल्यावर वाड्यांवरचा प्रेक्षक अडकतो, मग तो पुन्हा येत नाही.

पैसा कुठून

एकाच दात्यावर किंवा एकाच योजनेवर उभं केलेलं केंद्र सरकार बदललं की अर्धवट राहतं. म्हणून टप्पे करा आणि प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे वापरता येईल असा ठेवा. पहिल्या टप्प्यात मोठं सभागृह, स्वयंपाकघर, स्वच्छतागृहं आणि एक लहान दालन. दुसऱ्यात भोजनगृह आणि बाकीची दालनं. पाया आणि खांब मात्र पुढच्या टप्प्याचा विचार करूनच घाला.

जिल्हा वार्षिक योजनेचा निधी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती मंजूर करते. तिथे जाताना जागेचा निर्विवाद उतारा, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक आणि ग्रामसभेचा किंवा नगरपरिषदेचा ठराव, तिन्ही हातात हवेत. निधी आर्थिक वर्षाला बांधलेला असतो. जानेवारीत कागद घेऊन पळणाऱ्यापेक्षा ऑगस्टमध्ये तयार बसलेल्याचं काम होतं. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ई-निविदा, कार्यारंभ आदेश ही साखळी पावसाळ्यात पूर्ण करून दसऱ्याला काम सुरू करता आलं पाहिजे.

खासदार आणि आमदारांचा स्थानिक विकास निधी प्रत्येकी वर्षाला ५ कोटींचा असतो, पण त्यावर अख्ख्या मतदारसंघाचा डोळा असतो. त्यांच्याकडे ‘केंद्रासाठी निधी द्या’ म्हणून जाऊ नका. ‘संरक्षक भिंत’, ‘पाण्याची टाकी’, ‘लहान दालन’ असं एक पूर्ण होणारं काम मागा. हे निधी कायमस्वरूपी मालमत्तेसाठी असतात, चालवण्यासाठी नाहीत. नगरपरिषदांसाठी वैशिष्ट्यपूर्ण कामांचं विशेष अनुदान आणि नगरोत्थान महाभियान आहे, पर्यटनाच्या बाजूनं प्रादेशिक पर्यटन विकास योजना आणि राज्याचं २०२४ चं पर्यटन धोरण आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्या नात्यानं पर्यटन संचालनालयाकडे आग्रहानं बोलायला हरकत नाही.

आणखी एक बाजू फारशी कुणी मांडत नाही: आपत्ती निवारा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. दोन्ही वेळा माणसं हलवायला भक्कम छप्पर कमी पडलं. तुमचं केंद्र वादळात चारशे माणसांना दोन दिवस ठेवू शकेल अशा बांधणीचं असेल तर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाशी लेखी करार करा. गावाची खरी गरज भागते आणि निधीचं आणखी एक दार उघडतं.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळवायचा तर न्यास आजच नोंदवा. आयकराच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या, कंपनी खात्याकडची सीएसआर-१ नोंदणी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव, एवढं लागतं. कंपनीनं आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो, तेव्हा लोटे-परशुराम, महाड, रत्नागिरी, जयगड इथल्या कारखान्यांची यादी करा. लग्नाच्या हॉलला सीएसआर मिळणार नाही. महिलांचं कौशल्य प्रशिक्षण, लोककला, अपंगांसाठीच्या सोयी यांना मिळू शकतो. त्या भागाचं वेगळं अंदाजपत्रक करून द्या.

आणि मुंबई. लालबाग-परळपासून डोंबिवली-विरारपर्यंत पसरलेली ग्रामस्थ मंडळं हे कोकणाचं सगळ्यात जुनं भांडवल आहे. देवळांचे जीर्णोद्धार त्यांनीच केले. त्यांच्याकडे मे महिन्यात गावी असतानाच जा, कागद घेऊन, आणि रक्कम लहान ठेवा: एक खुर्ची, एक पंखा, एक चौरस फूट. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीला ८०जी लागत नाही, म्हणून बँकेतूनच घ्या आणि पावती त्याच दिवशी द्या. परदेशात नोकरी करणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्गे देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. ज्यानं परदेशी नागरिकत्व घेतलं त्याच्याकडून मात्र एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

इमारत

खांबांशिवायचं ५५० चौरस मीटरचं सभागृह रांगेत खुर्च्या मांडल्या तर ५०० माणसांना पुरतं, गोल टेबलं लावली तर ३०० च्या आसपास. मधे आवाज अडवणारी सरकती भिंत घाला, म्हणजे एका बाजूला पतसंस्थेची सभा आणि दुसऱ्या बाजूला प्रशिक्षण चालू शकेल. ६० माणसांची दोन दालनं, दोनशे पानांची पंगत बसेल असं भोजनगृह, स्वयंपाकघर, रंगमंच आणि मेकअपच्या खोल्या, पडवी, स्वच्छतागृहं, कोठार असं धरत गेलं की भिंती-वाटांसह २,२५० चौरस मीटर होतात. २०,००० चौरस मीटरच्या खाली असल्यामुळे या आकाराला केंद्रीय नियमांखालची पर्यावरण मंजुरी लागत नाही. उतरत्या बांधणीची कायम खुर्च्यांची नाट्यगृहं सुंदर असतात, पण तालुक्याच्या गावात ती वर्षातले बरेच दिवस कुलपात राहतात. सपाट जमीन आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या घ्या.

पडवीवर हात आखडू नका. पावसात तीनशे माणसं एकदम बाहेर पडतात, तेव्हा त्यांना छत्र्या उघडायला, गाडीची वाट पाहायला, चहा घ्यायला जागा लागते. पडवी चार मीटर रुंद असली तर तिथेच हापूसच्या पेट्यांचं किंवा बचत गटांचं प्रदर्शन भरतं आणि तिचं भाडंही येतं.

भिंतींना जांभ्याचा चिरा वापरा. छपराला उतार भरपूर द्या, पत्रा रंगीत ॲल्युमिनियम-जस्त लेपाचा आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. साधे स्क्रू आधी गंजतात आणि वादळात पत्रा तिथूनच उचलला जातो. वाऱ्याचा आणि कोयनेच्या शेजारामुळे भूकंपाचाही हिशोब स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या. वातानुकूलन लहान दालनांना आणि सरकत्या भिंतीच्या एका बाजूच्या अर्ध्या सभागृहाला पुरे.

पाण्यावर मात्र थांबून विचार करा. तीन मीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात लग्नसराईच्या ऐन दिवसांत टँकर लागतो. १,००० चौरस मीटर छपरावर ३ मीटर पाऊस म्हणजे ३० लाख लिटर, वीस टक्के वाया गेलं तरी २४ लाख. एप्रिल-मे मध्ये ५०० माणसांचे २५ समारंभ, माणशी ४० लिटर धरले तर गरज ५ लाख लिटरची. १० मीटर लांब, १२.५ मीटर रुंद, ४ मीटर खोल अशी टाकी तेवढं साठवते. वाहनतळाखाली ती बसते, आणि चिऱ्याची जुनी खाण आवारात असेल तर खर्च बराच कमी होतो. पहिला आठवडाभर पाऊस बाहेर सोडायची सोय ठेवा. स्वयंपाकघराच्या सांडपाण्याला तेल-चरबी अडवणारा हौद हवाच. माशांचं जेवण झाल्यावर तो दुसऱ्याच दिवशी साफ करायचा नियम ठेका-करारात लिहा.

उतारवाट एकास बारा चढाची, रंगमंचावरही चाकाच्या खुर्चीनं जाता येईल अशी. बायकांची स्वच्छतागृहं पुरुषांपेक्षा जास्त. स्वयंपाकघराच्या मागून टेम्पो आत येईल अशी स्वतंत्र वाट.

परवाने आणि उघडण्याचा दिवस

नगररचनेचा झोन दाखला, लागत असेल तर अकृषिक वापराची परवानगी, एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे बांधकाम परवानगी, अग्निशमनाची तात्पुरती आणि मग अंतिम ना-हरकत, महावितरणचा ट्रान्सफॉर्मर, तिकीट लावून नाटकं करायची तर प्रयोगाच्या जागेचा परवाना, केटररचा अन्न परवाना, वाजणाऱ्या गाण्यांचा स्वामित्व परवाना. महावितरणचा अर्ज सगळ्यांत आधी करा, कारण यंत्रणा यायला लागणारा वेळ कंत्राटदाराच्या हातात नसतो. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. त्याचा खर्च वार्षिक हिशोबात असू द्या. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, म्हणून अंगणातल्या वरातीच्या बँडची वेळ आरक्षणाच्या अर्जावरच छापा.

कंत्राटदाराच्या बिलातून राखून ठेवलेली रक्कम एक पूर्ण पावसाळा गेल्याशिवाय सोडू नका. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात अभियंत्याला घेऊन पन्हळी, खिडक्या, सरकत्या भिंतीचा तळ, विजेची खोली सगळं फिरून पाहा, गळतीच्या जागा खडूनं खुणा करून फोटो काढा आणि त्याच आठवड्यात लेखी कळवा.

उद्घाटन गणपतीनंतर, नवरात्राच्या सुमारास ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळेचं स्नेहसंमेलन, एखादी कार्यशाळा, एक नाटक असे लहान कार्यक्रम निम्म्या दरानं घ्या आणि प्रत्येक वेळी वीज, पाणी, कचरा, वाहनतळ यांची नोंद करा. लग्नाची पहिली तारीख तुळशीच्या लग्नानंतर महिनाभरानं द्या, आणि भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमनाचा अंतिम दाखला हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम कुणाकडूनही घेऊ नका.